लोकप्रशासन घ्यायचं असेल तर आधी तहसीलच्या बाकावर बसून ये

ताई, तुझ्या प्रश्नाचा मतलब असा की तू शिरपूर तालुक्यातली, एसवाय बीएला, विषय राज्यशास्त्र, पुढं राज्यसेवा द्यायची आहे, तर लोकप्रशासनात एमए करावं का आणि मेन्सला (मुख्य परीक्षेला) तोच ऑप्शनल, म्हणजे आपण निवडायचा वैकल्पिक विषय, ठेवावा का. क्लासवाले सांगतात हा विषय आता कोणी घेत नाही, घरचे म्हणतात आधी बीएड करून ठेव, आणि बरोबरच्या दोघी पुण्याला निघाल्या म्हणून तुझाही जीव वरखाली होतोय. सगळ्याचं उत्तर देतो पण जरा लांबेल, कारण हा विषय दोन ओळीत सांगितला की पोरं अर्धंच ऐकतात आणि मग वर्ष-दोन वर्षं भलतीकडंच घालवतात.

मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो, विभागीय परीक्षा देत देत नायब तहसीलदार म्हणून रिटायर झालो. सगळी नोकरी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यात, त्यातला बराच काळ शहादा, तळोदा, धडगाव या पट्ट्यात. लोकप्रशासनाचं एमए नोकरीत असतानाच इग्नूतून केलं, आणि आता संध्याकाळी अभ्यासिकेत पोरापोरींना हाच विषय शिकवतो. म्हणजे पुस्तकातलं प्रशासन आणि टेबलामागचं प्रशासन, दोन्ही बघून बोलतोय.

सोपं आहे ते आधी उरकून घेऊ. राज्यसेवेच्या बहुतेक पदांना, कम्बाइनला (एमपीएससीची संयुक्त परीक्षा), तलाठी भरतीला (त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कुठलीही पदवी चालते. लोकप्रशासनाची डिग्री आहे म्हणून अर्धा मार्कसुद्धा जास्त मिळत नाही. त्यामुळे "एमए केलं की नोकरी लागेल" हे डोक्यातून काढून टाक. एमए करायचंच असेल तर तयारीच्या सोबत, दूरशिक्षणातून कर. इग्नूचं आहे, ते इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि त्याचं सगळं साहित्य ई-ज्ञानकोशवर फुकट वाचायला मिळतं, अ‍ॅडमिशन न घेता पण. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची बीएची लोकप्रशासनाची मराठी पुस्तकं कुठून मिळाली तर सोडू नको, पारिभाषिक शब्द मराठीत पक्के करायला त्यांचा फार उपयोग होतो.

आता ऑप्शनल. राज्यसेवेची मेन्स २०२५ पासून यूपीएससीसारखी लेखी, वर्णनात्मक झाली हे तुला माहितीच असेल. मराठी आणि इंग्रजीचे ३०० मार्कांचे दोन पेपर फक्त पास व्हायला, मग निबंध २५०, जीएसचे (सामान्य अध्ययनाचे) चार पेपर प्रत्येकी २५०, आणि ऑप्शनलचे दोन पेपर प्रत्येकी २५०. लेखीचे धरायचे मार्क १७५०, मुलाखत २७५, एकूण २०२५. म्हणजे १७५० पैकी ५०० ऑप्शनलचे, ही काही लहान गोष्ट नाही. ऑप्शनलच्या यादीत लोकप्रशासन आहे, यूपीएससीला पण आहे, त्यामुळे एकच अभ्यास दोन्हीकडं चालतो.

क्लासवाले जे म्हणतात त्यात तथ्य आहे. एकेकाळी यूपीएससीला पोरं लोकप्रशासनावर तुटून पडायची, २०१३ ला दोनाचा एक ऑप्शनल झाला आणि त्यानंतर गर्दी पांगली, पेपर फिरवून यायला लागले, मार्क कमी पडायला लागले, लोक भूगोल, समाजशास्त्र, मानववंशशास्त्राकडं गेले. पण "कोणी घेत नाही" हे विषय सोडायचं कारण होत नाही, जसं "सगळे घेतात" हे घ्यायचं कारण होत नाही. ह्या विषयाचा खरा फायदा असा की जीएसच्या दुसऱ्या पेपरात राज्यव्यवस्था आणि कारभार आहे, चौथ्यात नीतिशास्त्र आहे, निबंध आहे, मुलाखत आहे, चारही ठिकाणी तेच वाचलेलं कामाला येतं. आणि तुझं राज्यशास्त्र आहे, पाया अर्धा झालेला आहे.

पण घ्यावा की नाही याची माझी परीक्षा वेगळी आहे. एक दिवस शिरपूरच्या तहसील कचेरीत जा, बाहेरच्या बाकावर दोन-तीन तास बस आणि बघ. कोण कशाला आलं, कुठल्या टेबलावर गेलं, काय ऐकून परत आलं. बघता बघता तुझ्या मनात "असं का?" हे यायला लागलं, म्हणजे ह्याला परत का पाठवलं, ही सही इथंच का लागते, हा कागद तिसऱ्यांदा का मागितला, तर हा विषय तुझा. आणि तासाभरात कंटाळून मोबाईल काढलास तर भूगोल घे, इतिहास घे, त्यात कमीपणा काही नाही. मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं त्यातले काहीजण बाकावरूनच विषय बदलून आले आणि ते त्यांच्या भल्याचंच झालं.

हे इतकं जोर देऊन सांगतोय कारण आपल्याकडं हा विषय फार वाईट पद्धतीनं वाचला जातो. वुड्रो विल्सन १८८७, टेलर १९११, फेयॉलची १४ तत्त्वं, वेबरची नोकरशाही, गुलिकचं पोस्डकॉर्ब १९३७, मेयोचे हॉथॉर्न प्रयोग, सायमन १९४७, रिग्जचा प्रिझमॅटिक समाज, अशी माळ पाठ करायची आणि पेपरात एकेक मणी ओवायचा. परीक्षकाला पहिल्या पानावरच कळतं की ह्या पोरानं एकही कचेरी आतून बघितलेली नाही. ही सगळी माणसं खऱ्या कारखान्यांकडं, खऱ्या कचेऱ्यांकडं बघून लिहीत होती, टेलर पोलादाच्या कारखान्यात होता, फेयॉल खाणीच्या कंपनीचा प्रमुख होता. आपणच त्यांना वहीत कोंडून ठेवलंय.

म्हणून मी पोरांना एकच काम धरून शिकवतो, वारस नोंद. आपल्या खान्देशात घर नाही असं की जिथं हा विषय निघाला नाही. म्हातारा गेला, शेत त्याच्या नावावर, आता पोरांची नावं लावायची. माणूस कचेरीत येतो आणि म्हणतो, "भाऊसाहेब, उतारावर आजून मना बापनंच नाव शे," म्हणजे उताऱ्यावर अजून माझ्या बापाचंच नाव आहे. इथून सुरुवात कर आणि तो कागद जाईल तिकडं मागं मागं जा.

अर्ज तलाठ्याकडं जातो, सोबत मृत्यूचा दाखला, आठ-अ चा उतारा, वारसांची नावं-पत्ते, वंशावळीचं शपथपत्र किंवा स्वयंघोषणा. कायदा आहे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४९ सांगतं की हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं. तलाठी आधी गाव नमुना ६-क ला नोंद घेतो, ती वारसांची नोंदवही. मग स्थानिक चौकशी, पोलीस पाटलाला विचारायचं, शेजारच्या खातेदारांना विचारायचं की बाबा ह्याला किती पोरं, किती पोरी, दुसरं लग्न वगैरे काही आहे का. मंडळ अधिकारी (तलाठ्याच्या वरचा) त्यावर वारस कोण ते ठरवतो, तेव्हा कुठं गाव नमुना ६ ला फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरला जातो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला १५ दिवस. हरकत आली तर प्रकरण ६-अ ला म्हणजे तक्रारींच्या नोंदवहीत जातं, सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो आणि मग सातबाऱ्यावर अंमल. ज्याला पटलं नाही तो कलम २४७ खाली प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) अपिलात जातो.

आता हेच उघडून बघ. सगळं लेखी, ठरलेल्या नमुन्यात, ठरलेल्या हुद्द्याच्या माणसाकडून, हा वेबर. तलाठी नोंद घेतो पण मंजूर करत नाही, मंजूर करणारा वेगळा, हा अधिकारांचा विभाग आणि एकमेकांवरचा वचक. मंजुरी तहसीलदारानं स्वतःकडं न ठेवता मंडळ अधिकाऱ्याच्या पातळीवर होते, हे प्रत्यायोजन, आणि ते नसतं तर काय झालं असतं याचा विचार कर, तालुक्यातला प्रत्येक फेरफार एका टेबलावर येऊन तुंबला असता. एका तलाठ्याकडं एका सजात (त्याच्या कामाच्या हद्दीत) तीन-चार गावं, वर दुसऱ्या सजाचा चार्ज, इथं नियंत्रण कक्षा (एका माणसाला किती पसारा सांभाळता येतो) आणि कामाचा बोजा शिकायला मिळतो. १५ दिवसांची नोटीस म्हणजे नैसर्गिक न्याय, दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय निर्णय नाही. आणि पोरींची नावं! हिंदू वारसा कायद्यात २००५ ला दुरुस्ती झाली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच हक्कदार. तरी कित्येक अर्जात बहिणींची नावं गाळलेली असायची, विचारलं की "ती तं सासरी गयी ना". तिथं तलाठ्यानं चौकशी नीट केली तर बहिणीचा हक्क टिकतो, डोळेझाक केली तर जातो, कायदा तोच, पानावरची अक्षरं तीच. लिप्स्कीनं १९८० मध्ये जे मांडलं की जनतेच्या समोर बसलेला शेवटचा कर्मचारीच प्रत्यक्षात धोरण ठरवतो, ते ह्यापेक्षा चांगल्या उदाहरणानं मला तरी शिकवता येणार नाही. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर तिनं स्वतः नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं, अर्जातून नाव गाळणं हा मार्ग नाही, हे मी प्रत्येक वेळी सांगायचो आणि अजून सांगतो.

पुढं जा. ई-फेरफार आला, नोंदीची तारीख आणि टप्पा कॉम्प्युटरवर दिसायला लागला, हे ई-गव्हर्नन्स. सेवा हक्क कायदा २०१५ चा, त्यात अधिसूचित केलेल्या सेवेला मुदत ठरलेली, मुदतीत मिळाली नाही तर त्याच यंत्रणेत दोन अपिलं आणि मग आयोग, कसूर झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड, हे उत्तरदायित्व. आणि इतकं असून वर्षानुवर्षं मेलेल्या माणसांची नावं सातबाऱ्यावर राहिली म्हणून २०२५ ला शासनाला "जिवंत सातबारा" मोहीम काढावी लागली, आधी बुलढाण्यात झाली मग राज्यभर. का काढावी लागली? कायदा होता, नमुने होते, माणसं होती. तुला जर हे "का" दीड पानात लिहिता आलं, भावाभावांची भांडणं, अर्ज करायला लागणारा खर्च आणि खेटे, नोंद नसली तरी शेत कसता येतं म्हणून येणारी निवांती, रिक्त सजे, हे सगळं धरून, तर तुझं उत्तर पाठांतरवाल्या शंभर जणांच्या वर जाईल.

दुसरं उदाहरण, सायमनसाठी. रावेर-यावलकडं मे-जूनमध्ये वादळ येतं आणि उभी केळी आडवी होते. दुसऱ्या दिवसापासून तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) तिघं मिळून पंचनामे करायला निघतात. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत. आता सांग, घड निसवलेल्या बागेत नुकसान ३० टक्के की ३५ टक्के हे कोण काट्यावर तोलून सांगणार? शेतकरी समोर उभा, त्याचे डोळे भरलेले, वरून फोन की परवापर्यंत अहवाल पाहिजे, अजून एवढी गावं बाकी. पूर्ण माहिती नाही, पूर्ण वेळ नाही, तरी निर्णय घ्यायचा आणि तो टिकणारा घ्यायचा. सायमन ह्यालाच मर्यादित विवेकशीलता म्हणतो, सर्वोत्तम नाही तर पुरेसा चांगला निर्णय. जळगाव जिल्ह्यातल्या पोरीनं किंवा पोरानं अमेरिकन कंपनीचं उदाहरण द्यावं आणि केळीच्या बागेचं देऊ नये याचं मला खरंच वाईट वाटतं.

धोरण आणि अंमलबजावणी ह्यासाठी तर आपला भाग म्हणजे उघडं पुस्तक आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तेव्हाचे पंतप्रधान आले होते. कार्ड हातात पडणं हा एक टप्पा, त्या कार्डावर खातं उघडणं, रेशन मिळणं, मजुरी वेळेत जमा होणं हे पुढचे. प्रेसमन आणि विल्डावस्की ह्यांनी १९७३ ला हेच दाखवलं की टप्पे वाढले की योजना गळत जाते. हिशोब करून बघ, दहा टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा नीट पार पडायची शक्यता ९० टक्के धरली तरी शेवटपर्यंत पोचायची शक्यता जेमतेम ३५ टक्के राहते. आता हे धडगावच्या मजुराला लाव. मी होतो तेव्हा मनरेगात (केंद्राच्या रोजगार हमी योजनेत) कामाची मागणी, मस्टर, हजेरी, मोजमाप पुस्तिकेत नोंद, वेजलिस्ट, पैसे सोडायच्या ऑर्डरवर सह्या, मग बँक, आणि बँक डोंगर उतरून. कायदा म्हणायचा १५ दिवसांत मजुरी. एक मोजमाप अडकलं की पाड्यावरची बाई बाजाराच्या दिवशी बँकेत येऊन रिकाम्या हातानं परत. आणि लक्षात ठेव, रोजगार हमी ही कल्पनाच महाराष्ट्राची, १९७२ च्या दुष्काळातली, वि. स. पागे ह्यांची, १९७७ ला आपला कायदा झाला, देशाचा कायदा आला २००५ ला. पेपरात हे लिहायला विसरू नको.

पागेंचं नाव निघालं तर अजून एक. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना नगरचे जिल्हाधिकारी होते, त्यांनी कचेरीची बसण्याची पद्धत, फायलींचं वर्गीकरण, लोकांसाठी खिडकी, हे सगळं बदलून दाखवलं, त्याला लखिना पॅटर्न म्हणतात. दप्तर नीट लावणं हे पोरांना फालतू काम वाटतं. पण कागदांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण आहे, अ कायमचे, ब ३० वर्षांचे, क १० वर्षांचे, ड वर्षभरात नष्ट करायचे, आणि ज्या कचेरीत हे झालेलं नाही तिथं एका जुन्या फेरफारासाठी शेतकऱ्याला महिनोन् महिने खेटे घालावे लागतात. रेकॉर्ड रूममधली शिस्त ही सरळ सरळ गरीब माणसाच्या पदरात पडणारी गोष्ट आहे, हे मी रेकॉर्डला काम केलं तेव्हा कळलं आणि ते माझ्या मनातून कधी गेलं नाही.

तुझ्या घराजवळची दोन उदाहरणं तर तुलाच माझ्यापेक्षा जास्त माहिती पाहिजेत. एक शिरपूर पॅटर्न, भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर ह्यांचं काम, नाले रुंद-खोल करून सिमेंट बंधारे. पाणी आलं, राज्यभर नाव झालं, आणि तितकेच प्रश्नही विचारले गेले की एका भूस्तरात चाललेलं दुसरीकडं चालेल का. एका ठिकाणचं यश जसंच्या तसं दुसरीकडं नेता येतं का, हा सार्वजनिक धोरणातला पक्का प्रश्न आहे. दुसरं पांझरा नदीवरची फड पद्धत. काही शतकांपासून बंधाऱ्यावरचे शेतकरी आपलं पाणी आपणच वाटून घेत आले, शिवाराचे फड पाडलेले, एका फडात एक पीक, पाटकरी, जागल्या अशी माणसं गावानंच नेमलेली, वरून कुठलं खातं नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉमला २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल सामाईक साधनं लोक स्वतः कशी सांभाळतात ह्याच अभ्यासासाठी मिळालं. साक्री-धुळ्याकडं कोणी नातेवाईक असतील तर जाऊन एखाद्या म्हाताऱ्याला विचारून ये की पाणी वाटपात तंटा झाला तर कोण मिटवायचं.

आता वाचायचं कसं ते. क्लासच्या नोट्स असू दे, पण तीन गोष्टी स्वतः कर. पहिली, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली प्रत्येक कचेरीनं १७ बाबींची माहिती स्वतःहून जाहीर करायची असते, अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्यं, निर्णय घ्यायची पद्धत, बजेट, सगळं त्यात. तहसीलची आणि पंचायत समितीची अशी दोन प्रकटनं शोध आणि शेजारी शेजारी ठेवून वाच. महसूलची उतरंड जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार अशी आणि जिल्हा परिषदेची सीईओ, बीडीओ, विस्तार अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी अशी, दोन्ही एकाच गावात येऊन कशा भिडतात ते त्यातून समजतं. वसंतराव नाईक समिती, १९६१ चा जिल्हा परिषद कायदा, ७३ वी घटनादुरुस्ती, हे मग आपोआप जागेवर बसतं.

दुसरी, ग्रामसभेला जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या तारखांना बहुतेक ठिकाणी होतेच. शिरपूर तालुक्यातली सातपुड्याकडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथं पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) लागू आहे, १९९६ चा कायदा आणि राज्याचे नियम २०१४ चे, तिथल्या ग्रामसभेला गौण वनोपज, पाच टक्के अबंध निधी (कशावर खर्चायचा ते ग्रामसभेनं ठरवायचा) असे जास्तीचे अधिकार. एक साधी ग्रामसभा आणि एक पेसातली, दोन्ही बघ. किती बाया बोलल्या, ठराव आधीच लिहून आणला होता का, कोरम कसा भरला, हे वहीत लिही. रिग्ज जे म्हणतो की कागदावरचा नियम आणि प्रत्यक्ष वागणं ह्यात अंतर असतं, ते अंतर तुला तिथं खुर्च्यांच्या रांगेत दिसेल.

तिसरी आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी, टिपणी लिहायला शीक. कचेरीचं सगळं काम टिपणीवर चालतं. वर विषय, मग संदर्भ, मग थोडक्यात हकीकत, मग लागू असलेली तरतूद, मग प्रश्न काय आहे, आणि शेवटी काय करावं ह्याची शिफारस. समज मौजे अमुक, गट नंबर तमुक, वारस नोंदीला बहिणीनं हरकत घेतली. अर्ध्या पानात लिहायचं. "अर्जदार व हरकतदार यांचे नाते उभयतांस मान्य असून हक्कसोडपत्र अभिलेखावर नाही, सबब हरकतदाराचे नाव वारस म्हणून समाविष्ट करणे योग्य राहील, मान्यतेस्तव सादर." एवढ्या एका वाक्यात वस्तुस्थिती, कागद आणि निष्कर्ष तिन्ही आले. ज्याला हे जमतं त्याला मेन्सचं दहा मार्कांचं उत्तर जमतंच, कारण मागणी तीच असते, मोजक्या शब्दात मुद्दा, आधार आणि मत. रोज एक टिपणी, कुठल्याही बातमीवर. तुझं अक्षर पण सुधारेल.

विचारवंत टाळायचे असं मी म्हणत नाहीये बरं का, पहिला पेपर त्यांच्यावरच आहे, वाचावेच लागतात आणि मूळ मुद्दा नीट समजून वाचावे लागतात. क्रम तेवढा बदल, आधी दुसरा पेपर म्हणजे भारतीय प्रशासन वाच, जिल्हा प्रशासन, वित्तीय प्रशासन, दुसरा प्रशासकीय सुधारणा आयोग (२००५ ते २००९, १५ अहवाल, त्यातले नीतिमत्ता आणि स्थानिक कारभारावरचे तरी बघच), आणि मग पहिल्या पेपरात शिर.

पुण्याचं म्हणशील तर प्रीलिम एकदा स्वतःच्या बळावर देऊन बघितल्याशिवाय जाऊ नको. रूम, मेस, अभ्यासिका, क्लास हा खर्च घरच्यांना कापसाच्या पैशातून काढायचा असतो, आणि पहिलं वर्ष बेसिक पुस्तकं वाचण्यात जातं, ते शिरपुरात पण वाचता येतात. नाशिकला शासनाचं पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय ह्या वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या शासनाच्या संस्थांच्या योजना आहेत, तू कुठल्या गटात बसतेस ते बघून त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव, बरीच पोरं फॉर्मची तारीख चुकवतात. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड आपल्याच नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळीकडं ऑक्सिजनची धावपळ असताना नंदुरबारला प्लांट आधीच उभे होते, हे सांगतो ते फक्त हुरूप यावा म्हणून नाही, मुलाखतीत नियोजनावर प्रश्न आला तर आपल्या जिल्ह्यांकडचं असं उदाहरण तोंडावर पाहिजे.

राहिलं बीएड. घरच्यांशी ह्यावरून वाद घालू नको, त्यांची काळजी खोटी नाही. पण बीएड दोन वर्षांचं आहे आणि त्यात शाळेतला सराव असतो, दिवस मोकळे राहत नाहीत, म्हणून बीएड आणि राज्यसेवा एकाच वेळी पूर्ण ताकदीनं होत नाही, हे त्यांना शांतपणे सांग. एमपीएससीला वयाची मर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, म्हणजे वेळ पुष्कळ आहे, आणि तोच धोका पण आहे, वेळ आहे म्हणून माणूस तिशी ओलांडेपर्यंत नुसताच फॉर्म भरत राहतो. तू घरच्यांना मुदत दे, पदवीनंतर तीन वर्षं, त्या काळात राज्यसेवेसोबत कम्बाइन आणि तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी अशी सरळसेवा पण द्यायची, एखादी लागली तर जॉइन व्हायचं आणि आत राहून पुढचं द्यायचं. तलाठ्याच्या २०२३ च्या भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांच्या घरात अर्ज होते, तेव्हा ती परीक्षा पण सोपी धरायची नाही. पण खालून लागलेला माणूस विभागीय परीक्षा देत वर येतो, आधी दुय्यम सेवा परीक्षा, मग महसूल अर्हता परीक्षा, आणि सजावर काम केलेला अधिकारी पुढं खुर्चीत बसला की त्याला कोणी कागदावरून फसवू शकत नाही.

टीवायची परीक्षा होईपर्यंत ऑप्शनलचा फायनल निर्णय घेऊच नको. तोवर एका वारस नोंदीचा अर्ज ते सातबारा असा पूर्ण प्रवास, एका ग्रामसभेची हकीकत आणि निदान दहा टिपण्या, एवढं वहीत लिहून काढ आणि मला दाखव. मी लाल पेनानं तपासून देतो, आणि ती वही समोर ठेवूनच ठरवू की लोकप्रशासन घ्यायचं की दुसरं काही.